विहीणबाईंच्या पेटीला गाडी

तंजावरला काय काय पाहिलंस, म्हणून गल्लीतल्या बायका विचारतात. खरं सांगते, मी तंजावरच्या गाड्यांची पोटं पाहिली. मोठं देऊळ पाहिलं ते रिक्षातून, येताजाता. राजवाड्याच्या शेजारच्या गल्लीत राहिले, पण राजवाड्यात पाऊल टाकलं नाही. देवळाची माहिती हवी असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं वाचावं. जुनी पिकअप गाडी कशी निवडायची एवढंच मला सांगता येईल, आणि त्यातही मी एक मोठी चूक केली.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. जयसिंगपुरात चाळीस वर्षं पिठाची गिरण चालवली आणि त्यातली बावीस वर्षं गिरणीचा टेम्पो मीच चालवला. मुलगी सुनंदा तंजावरच्या मराठी घरात दिली आहे. हे लोक राजांच्या काळात तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. जावई रघू आणि सुनंदा बेंगळुरूला नोकरी करतात. तंजावरच्या घरात विहीणबाई एकट्या असतात. नाव कावेरीबाई, वय एकाहत्तर, एम. ए. झालेल्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त.

या बाईंनी पेन्शनीतून एक पेटी करून घेतली. आइस्क्रीमच्या गाडीवर पांढरा डबा असतो, तसले डबे करणारा एक माणूस पापनाशमला आहे. त्याच्याकडून यांनी राहायचा डबा केला. आत दोन बाकं, झोपायला तीच. शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना जाळी. पिकअपच्या हौद्यात चढवायचा आणि निघायचं. परत आल्यावर उतरवून चार पायांवर उभा करायचा. मला फोन करून म्हणाल्या, "हलकी आहे हो पेटी. तीनशे ऐंशी किलो फक्त."

"आणि गाडी?"

"गाडी कोठे आहे? गाडी तुम्ही येऊन पाहायची. तुम्हाला कळतं."

कावेरीबाईंना महाराष्ट्र पाहायचा होता. जन्मभर घरात मराठी बोलल्या, पण महाराष्ट्रात कधी आल्या नव्हत्या. रघूला हे सगळं वेड वाटत होतं. त्यानं अट घातली होती. रविवारी तो येणार, पेटी भरून गाडीवर चढवलेली पाहणार, आणि भरल्या पेटीचं वजन पाचशे किलोच्या वर गेलं किंवा त्याला पटलं नाही तर पेटी जाणार इडलीवाल्याला. इडलीवाला पापनाशमच्या बसस्टँडवर दुकान मांडायला ती मागतच होता. मी तंजावरला उतरले तो बुधवार.

बुधवार, गल्लीत

स्टेशनवर कावेरीबाईंनी मला रिक्षावाल्यापासून फुलवालीपर्यंत सगळ्यांना दाखवलं. "माझी संबंधी!" तिकडे विहिणीला संबंधी म्हणतात. आमच्याकडे एखाद्याशी संबंध आहेत म्हटलं की शेजारी कान टवकारतात. मी तसं म्हणाले तर बाई रिक्षात इतक्या हसल्या की रिक्षावाल्यानं गाडी बाजूला घेतली.

त्यांचं मराठी ऐकायला मजा येते. शब्द जुन्या पोथीतले आणि चाल तमिळ. 'झालं'ला 'जालं' म्हणतात. काही सांडलं, फुटलं, की 'परवाल्ले', म्हणजे असू दे. मी सहा दिवसांत इतकं सांडलं की हा एक शब्द मला पक्का आला.

जेवायला केळीच्या पानावर भात आणि सांबार. संपवला तर पुन्हा भात आणि रसम. तो संपवला तर पुन्हा भात आणि ताक. मी भाकरीची वाट पाहत बसले होते. शेवटी विचारलं तर म्हणाल्या, "भाकर? ती कोण करील?" इथं दळतात ते ओलं. तांदूळ-उडीद भिजवून घरोघरी वाटतात. या गावात माझी गिरण महिन्याभरात बंद पडली असती. पण ते पान मी पुसून खाल्लं, हेही सांगते.

जेवण झाल्यावर कागदावर लिहून काढलं, कसली गाडी पाहिजे. नंबरची पाटी पांढरी, म्हणजे खासगी. पिवळ्या पाटीची घेतली की परमिटची कटकट. हौदा पेटीएवढा लांब. मागच्या चाकांवरचे पाटे, म्हणजे भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, सरळ न झालेले, कमान शाबूत असलेले. खालची चासी न गंजलेली. इंजिन सुरू करताना ते आधीच गरम नको, नाहीतर विकणाऱ्यानं सकाळीच पेटवून आजार लपवलाय असं समजावं. कावेरीबाईंनी हे सगळं तमिळमध्ये उतरवून घेतलं आणि प्रत्येक अटीपुढे मार्कांचा रकाना पाडला. मास्तरीण ती मास्तरीणच.

गुरुवार, तिरुचीच्या रस्त्यावर

शहराबाहेर जुन्या गाड्यांचं एक आवार आहे. तिथला मेकॅनिक सेल्वम. चाळिशीचा, कपाळावर विभूती, लुंगी दुमडलेली. त्याला मराठी येत नाही, मला तमिळ येत नाही, पण गाडीच्या खाली दोघं एकाच भाषेत बोलतो.

पहिली गाडी लालभडक, नवा रंग. मी चाकाच्या वरच्या पत्र्यावर नख मारलं. रंगाखाली लांबी, म्हणजे भोकं बुजवायचा लगदा, लावलेली. नख आत गेलं. सेल्वम आकाशाकडे बघायला लागला. कावेरीबाईंनी वहीत शून्य दिला आणि त्या शून्याखाली रेघ मारली.

दुसरी चार दारांची. बसायला ऐसपैस, पण हौदा हातभर. त्यावर पेटी ठेवली असती तर अर्धी मागे लोंबकळली असती. कावेरीबाईंना ती फार आवडली. "मागल्या शिटावर निजता येईल हो."

"मग पेटी कशाला केलीत?"

वहीत मात्र तिला पस्तीस मार्क दिले. पास केलं!

तिसरी गाडी पांढरी, थोडी चेपलेली, एका भाताच्या शेतकऱ्याची. चेपलेली होती म्हणून मला बरी वाटली, काही लपवलेलं नव्हतं. हौदा मापात. मी पदर खोचला आणि गाडीखाली शिरले. साडीची वाट लागली. बाहेर दहा-बारा माणसं जमली, म्हातारी खाली गेलीय म्हणून. एकानं माझ्या पायांचा फोटो काढला.

खाली सगळं ठीक दिसत होतं. चासी कोरडी. तेल गळत नव्हतं. मी पान्यानं मागचे पाटे एकेक ठोकत होते. शेजारी सेल्वम आडवा. मी मधल्या पाट्यावर ठोकलं, तसा त्यानं त्याच पाट्यावर हात आपटला आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "प्रमादम, अम्मा! प्रमादम!"

आता आमच्या देवळात एकादशीला कीर्तन असतं. बुवा दर वेळी सांगतात, माणसाच्या हातून प्रमाद घडतो, म्हणून देवाची क्षमा मागावी. प्रमाद म्हणजे चूक, दोष. चौथी शिकलेल्या बाईलाही एवढं माहीत आहे. मला त्या माणसाचं कौतुक वाटलं. विकणाराच दोष दाखवतोय, पाट्यावर हात ठेवून. असा प्रामाणिक माणूस सांगली जिल्ह्यात शोधून सापडणार नाही.

मी बाहेर आले, हात पुसले आणि म्हटलं, "चला, विहीणबाई. पाट्यात दोष आहे."

कावेरीबाईंनी वही मिटली. सेल्वमला त्यांनी तमिळमध्ये सांगितलं, पाट्यात दोष आहे. त्याचं तोंड उघडंच राहिलं. मला वाटलं, आपण ऐकलं याचं त्याला आश्चर्य वाटलं. मी त्याला नमस्कार केला. खरोखर मनापासून केला.

उरलेला दिवस आणखी दोन आवारं फिरलो. एका गाडीची पाटी पांढरी, पण कागद दोन मालकांच्या भांडणात अडकलेले. दुसरीचं इंजिन आम्ही पोचण्याआधीच गरम. रिक्षात परतताना कावेरीबाई म्हणाल्या, "इडलीवाला भला माणूस आहे. पेटी नीट ठेवील." मला राग आला. ज्या बाईनं शून्याखाली रेघ मारली, तिनं असं बोलावं?

शुक्रवार सकाळ, नाश्त्याला

त्या सकाळी कावेरीबाईंचं घरात लक्ष नव्हतं, म्हणून कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेलो. पोंगल मागवला. मुगाची डाळ घातलेली मऊ खिचडी, वर तुपात तळलेली मिरी. कॉफी पितळी भांड्यात येते. ती हात वर करून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायची. मी ओतली ती टेबलावर. परवाल्ले.

समोरच्या टेबलावर एक लठ्ठ गृहस्थ पोंगल खात होते. त्यांनी घास गिळला, डोळे मिटले आणि वाढप्याला म्हणाले, "प्रमादम!"

मी कावेरीबाईंना म्हटलं, "मीठ जास्त पडलं वाटतं."

"कां?"

"ते म्हणाले ना, चूक झाली म्हणून. पण वाढपी हसतोय का?"

"कोठे चूक? प्रमादम म्हणाले. प्रमादम म्हणजे फार उत्तम. एकदम झकास!"

माझ्या हातातला घास हातात राहिला. "कुणी सांगितलं?"

"अय्यो, कुणी म्हणजे? सगळं तमिळनाड सांगतं."

मी कालची सगळी हकीकत सांगितली. कावेरीबाई आधी माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग टेबल हलायला लागलं. मग मलाही आवरेना. लठ्ठ गृहस्थांनी विचारलं, काय झालं. कावेरीबाईंनी त्यांना सांगितलं. ते हसले, त्यांनी शेजारच्या टेबलाला सांगितलं. पाच मिनिटांत अख्खं हॉटेल माझ्याकडे बोट दाखवून प्रमादम प्रमादम करत होतं. गल्ल्यावरचा माणूसही. आयुष्यात मला इतकी माणसं एकदम हसली नव्हती, आणि मला जराही वाईट वाटलं नाही.

मग एकदम आठवलं. गाडी!

रिक्षावाल्याला कावेरीबाईंनी काय सांगितलं कोण जाणे, तो अशी गाडी मारत गेला की माझा पोंगल गळ्याशी आला. आवारात पोचलो तर आमची पांढरी गाडी जॅकवर उभी. मागची चाकं काढलेली. पाटे सगळे सुटे करून जमिनीवर ओळीत मांडलेले, आणि त्यांच्यामध्ये सेल्वम मांडी घालून बसलेला.

मला पाहून तो ताडकन उठला. माझ्या पायाला हात लावायला लागला. मी मागे सरले. तो भराभरा बोलत होता आणि कावेरीबाई सांगत होत्या. काल आम्ही गेल्यावर केळ्यांचा एक व्यापारी ही गाडी घ्यायला आला होता. त्यानं ऐकलं की मराठवाल्या अम्मांनी पाट्यात दोष सांगितला, आणि तो आल्या पावली गेला. सेल्वमला ते लागलं. वीस वर्षं गाड्या खोलतोय, मला न दिसलेला दोष म्हातारीला ठोकून ऐकू आला? त्यानं पाटे उतरवले. वरून काही नाही. मग मधला बोल्ट काढला. तिसऱ्या पाट्याला बोल्टाच्या भोकापाशी तडा होता. आवळपट्टीखाली झाकलेला. केसाएवढा.

त्यानं तो पाटा माझ्यापुढे धरला. मी बोट फिरवलं. नखाला लागला. भरल्या गाडीनं घाट चढताना तिथेच मोडला असता.

मला खोटं मिरवायला आवडत नाही. मी म्हटलं, "कावेरीबाई, याला सांगा, मला काही ऐकू आलं नव्हतं. मी शब्दाचा अर्थ उलटा घेतला. तुझं कौतुक मला कबुली वाटली. सगळं श्रेय याचं आहे." चांगलं लांबलचक सांगितलं.

कावेरीबाई तीन शब्द बोलल्या. सेल्वमनं पुन्हा हात जोडले.

"काय सांगितलंत?"

"सांगितलं, नवा पाटा घाल."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं घरी गेल्यावर मला सांगा. उगे राहा आतां."

रविवार, पापनाशम

नवा पाटा बसवून, कागद पाहून शनिवारी गाडी आमची झाली. कावेरीबाईंनी टायरांखाली चार लिंबं ठेवली. मी ती चिरडून पहिल्यांदा गाडी हलवली. तिकडचा क्लच हलका निघाला, त्यामुळे गाडी उडी मारूनच हलली. पाहणारे लोक मागे पळाले.

पापनाशमला जाताना दोन्हीकडे भाताची शेतं. पाणी भरलेलं, आणि मध्ये बायका ओळीनं वाकलेल्या. आमच्याकडे ऊस असतो तसा हा भात, जिकडे बघावं तिकडे. रघू बेंगळुरूहून सरळ तिथेच आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात कसलीशी यादी. लेक आईवर गेलाय. सुनंदाला सुट्टी मिळाली नव्हती.

पेटी चार पायांवर उभी होती. मी गाडी उलटी घेत तिच्या खाली नेली. दोन्हीकडे चार-चार बोटं जागा. डबेवाला ओरडत होता, रघू ओरडत होता, कावेरीबाई दोघांना गप्प बसा म्हणून ओरडत होत्या. मी कुणाचंच ऐकलं नाही आणि गाडी बरोबर गेली. मग पाय आखडून पेटी हौद्यात टेकवली. मी उतरून मागे वाकून पाहिलं. पाटा आणि वरचा रबर यांच्यात आधी एक वीत अंतर होतं. आता चार बोटं.

चाळीस वर्षं मी पोती पाहिली आहेत. मी म्हटलं, "ही तीनशे ऐंशी नाही."

"पाणी भरलंय, सिलिंडर आहे, अंथरुणं आहेत," कावेरीबाई झटकन म्हणाल्या.

"ते धरून चारशे सत्तर. ही त्याहून जड आहे."

जवळच भाताच्या गिरणीचा काटा होता. सकाळी येताना मी रिकामी गाडी त्यावर तोलून घेतलीच होती. आता भरलेली चढवली. फरक आला सहाशे दहा. रघूनं यादी घडी करून खिशात टाकली. "आई, संपलं. मी पाचशे म्हणालो होतो."

मी पेटीत चढले आणि बाकांच्या फळ्या उचलल्या. एका बाकाखाली दगडी पाट्याचा विजेचा ग्राइंडर, साडीत गुंडाळलेला. दुसऱ्याखाली तांदळाचं अख्खं पोतं. पितळी पातेली एकात एक घातलेली. लोणच्याच्या बरण्या, मी मोजायच्या थांबले.

"विहीणबाई, हे काय?"

"तुमच्या देशात तांदूळ कसला मिळतो कुणास ठाऊक."

"आणि हा दगड?"

"इडलीचं पीठ काय तुमच्या गिरणीत वाटू?"

डबेवाला खाली बसून हसत होता. रघू हसत नव्हता. त्यानं इडलीवाल्याचा नंबर काढायला फोन हातात घेतला होता, तो मी पाहिला आणि कावेरीबाईंनीही पाहिला. त्या पेटीत चढल्या आणि ग्राइंडरला हात घातला. मी दुसरी बाजू धरली. मग पोतं. मग पातेली, मग बरण्या. सगळं गिरणीच्या ओट्यावर मांडलं. पुन्हा गाडी काट्यावर. चारशे सत्तर.

रघू म्हणाला, "वजन बरोबर आलं, पण आई, कशाला हे? विमानानं जा. दोन दिवसांत सगळं पाहून परत."

"काय पाहून?"

"जे पाहायचंय ते."

कावेरीबाईंचा श्वास अजून लागत होता. "रघू, मी मराठी बोलते ती स्वैपाकघरात. दाराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. एकाहत्तर वर्षं. मला रस्त्यावरचं मराठी ऐकायचंय. कंडक्टर खेकसतो ते. भाजीवाली भांडते ते. विमानात भाजीवाली भांडते काय?"

रघूनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "भांडायला आमच्याकडे माणसांची कमी नाही."

त्यानं फोन खिशात टाकला. गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या टायरवर लाथ मारून पाहिली आणि म्हणाला, "मागं हवा कमी आहे. निघण्याआधी भरून घ्या."

कागलच्या पुढे

वाटेचं काही लिहीत नाही. मोठे रस्ते सगळीकडे सारखेच. पेटी हलली नाही, पाटा वाजला नाही. धारवाडच्या अलीकडे कावेरीबाईंनी एका पेट्रोलपंपावर डोसा करायचा हट्ट धरला आणि पंपावरच्या माणसानं शेगडी पाहून आम्हाला हाकलून दिलं, एवढा एकच अपघात.

कागल ओलांडलं आणि बाईंनी माझा हात धरला. "हळू. हळू चालवा."

"काय झालं?"

"ते काय लिहिलंय?"

रस्त्याच्या कडेला दुकानाची पाटी होती. तेव्हा मला कळलं. बाई एम. ए., तमिळ वाचतात, इंग्रजी वाचतात, पण आपली बाळबोध अक्षरं त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. मराठी त्यांना फक्त कानानं येत होतं.

मी वाचलं, "येथे पंक्चर काढून मिळेल."

"काढून मिळेल!" त्या म्हणाल्या. "बघा कसं लिहिलंय. आणि ते?"

"अस्सल कोल्हापुरी मिसळ."

"ते?"

"वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. कुणी आहे गावातलं, गळ्यात सोन्याची साखळी घातलेलं."

"ते?"

चौथी शिकलेली बाई एम. ए. झालेल्या बाईला वाचून दाखवत होती. कागल ते कोल्हापूर. उसाचा रस, जुने टायर, स्थळे सुचवली जातील, गाढव मोकाट सोडू नये. मागून गाड्या हॉर्न वाजवत होत्या. एकजण काच खाली करून मला शिवी देऊन गेला, तीही त्यांनी मला दोनदा म्हणायला लावली.

शेवटी एक पडकी भिंत आली. मी न वाचता पुढे निघाले.

"ती राहिली," कावेरीबाई म्हणाल्या. "मागे घ्या."

"काही नाही त्यात. लघवी करू नये म्हणून लिहिलंय."

"मराठीत लिहिलंय ना?" त्या खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकल्या होत्या. "नीट वाचा. सगळं वाचा. खाली दंडही लिहिलाय."